आलोगो आणि हिप्पोस: ग्रीक भाषेतले दोन घोडे

ग्रीक शिकू लागलेल्या मराठी माणसाला घोड्यासाठी दोन शब्द भेटतात. ‘हिप्पोस’ हा शब्द फिलिप, हिप्पोक्रेटिस, हिप्पोपोटॅमस यांच्यामुळे आधीच कानावर पडलेला असल्याने तोच चटकन पाठ होतो. पण आजचा ग्रीक शेतकरी आपल्या घोड्याला ‘आलोगो’ म्हणतो, आणि शिकणाऱ्याने सुरुवात याच शब्दापासून करावी.

हिप्पोस हा आपल्या ‘अश्व’ शब्दाचा सख्खा नातेवाईक. मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये उलगडलेल्या लिनिअर बी या ग्रीक भाषेच्या सर्वांत जुन्या ज्ञात लिपीतल्या मातीच्या पाट्यांवर तो ‘इक्वो’ अशा रूपात आढळतो. आलोगोची कुळकथा अगदी निराळी आहे. ‘लोगोस’ म्हणजे वाणी किंवा विवेक, आणि त्यामागे ‘अज्ञान’ शब्दात आहे तसाच नकारार्थी ‘अ’; त्यामुळे प्राचीन काळी हे विशेषण विवेक नसलेल्या कोणत्याही प्राण्याला लागत असे आणि पुढे मध्ययुगीन ग्रीकमध्ये ते आक्रसत केवळ घोड्यापुरते उरले. ज्याने माणसाची सर्वांत जास्त सोबत केली त्यालाच हे नाव चिकटावे, हा जरा अन्यायच!

जुना शब्द मात्र नाहीसा झालेला नाही. आपण बोलताना घोडा म्हणतो आणि लिहिताना अश्वशक्ती, अश्वारोहण असे शब्द वापरतो, तशीच वाटणी तिथेही आहे: शर्यतीचे मैदान ‘इपोद्रोमोस’, घोडेस्वारी ‘इपासिया’, आणि ट्रॉयचा लाकडी घोडा ‘दूरियोस इपोस’च, तिथे आलोगो चालत नाही. गाडीच्या इंजिनाची ताकद कागदोपत्री ‘इपी’मध्ये लिहिली जाते, गप्पांत मात्र शंभर ‘आलोगा’ म्हटले तरी भागते. या शब्दांतला ‘ह’ उच्चारातून केव्हाच गळाला असून ‘प’ही आता एकेरीच उच्चारला जातो.

लिंगाच्या बाबतीत मराठी कान हमखास फसतो. ‘तो आलोगो’ ऐकले की शब्द पुल्लिंगी वाटतो, पण ग्रीकमधले ‘तो’ हे नपुंसकलिंगी उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा शब्द) आहे आणि त्याचे अनेकवचन ‘ता आलोगा’ असे होते. पुल्लिंगी आहे तो ‘ओ इपोस’. प्राचीन ग्रीकमध्ये उपपद बदलले की हिप्पोस हाच शब्द घोडीलाही चालत असे, आजच्या घोडीला मात्र ‘फोरादा’ असे स्वतंत्र नाव आहे.