चेहरा, फूल आणि मधलं अंतर

फोनचा मागचा कॅमेरा स्वतःकडे वळवा, चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर अंतरावर धरा आणि फोटो काढा. मग तोच फोन दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन दोन मीटरवरून फोटो काढायला सांगा, आणि त्यातला चेहरा तेवढा कापून मोठा करा. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात नाक पुढे आलेलं, गाल फुगलेले, कान गालांमागे दडलेले. दुसऱ्यात मात्र आरशात रोज भेटणारा माणूस. लेन्स तीच, सेन्सर तोच, चेहराही तोच. बदललं ते फक्त अंतर.

कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स वापरून हात बसला, की बऱ्याच जणांसमोर एक प्रश्न उभा राहतो. दुसरी लेन्स कोणती घ्यावी, चेहऱ्यांसाठीची ८५ मिमीची पोर्ट्रेट की बारीक वस्तू अगदी जवळून टिपणारी १०० मिमीची मॅक्रो? चर्चा सुरू होते ती फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सच्या नावातल्या मिलिमीटरच्या, या दोन आकड्यांवरून, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. कारण या दोघींमध्ये सगळ्यात कमी फरक कशाचा असेल, तर तो त्या पंधरा मिलिमीटरचा.

हिशेब करून पाहू. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली सुमारे १२ सेंटीमीटर धरा. लेन्स नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटीमीटरवर येतात. म्हणजे कानांच्या मानाने नाक ४० टक्के मोठं उमटतं. दोन मीटरवर हाच फरक ६ टक्क्यांवर येतो. यथार्थदर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, ठरतं ते असं: निव्वळ अंतरावरून. फोकल लेंग्थ एवढंच ठरवते, की त्या अंतरावर उभं राहून चौकटीत किती भाग मावेल.

फुल फ्रेम (२४ बाय ३६ मिमीच्या सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा ६० सेंटीमीटरचा भाग टिपायचा असेल, तर ५० मिमीच्या लेन्सने साधारण ९० सेंटीमीटरवर उभं राहावं लागतं, ८५ मिमीने दीड मीटरवर आणि १०० मिमीने पावणेदोन मीटरवर. नाक-कानांमधला फरक अनुक्रमे १४, ८ आणि ७ टक्के. ५० वरून ८५ वर गेलं की चेहरा निवळतो, हे डोळ्याला कळतं. ८५ वरून १०० वर गेल्याचं कळणं अवघड, कारण आपण एक पाऊलही नीट मागे सरकलेलो नसतो. शिवाय दीड-पावणेदोन मीटर हे गप्पा मारायचं अंतर आहे. समोरच्याशी आवाज न चढवता बोलता येतं आणि त्याच्या अंगावर आल्यासारखंही होत नाही. पोर्ट्रेटसाठी ही फोकल लेंग्थ रूढ झाली त्यामागे हे साधं कारणही असावं असं मला वाटतं. (त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सर असेल तर हीच चौकट ५५ ते ६५ मिमीच्या आसपास मिळते. पुढचे आकडे फुल फ्रेमचे आहेत.)

म्हणजे चेहऱ्याच्या ठेवणीपुरत्या दोन्ही लेन्स सारख्याच. मग त्या वेगळ्या कुठे होतात? त्यासाठी त्यांचे जन्म पाहायला हवेत.

१८३९ साली डागेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची, पद्धत जाहीर झाली तेव्हा तिच्यासोबत असलेली लेन्स इतकी मंद होती, की एका चित्रासाठी काही मिनिटं लागत. इमारत स्थिर राहते, माणूस राहत नाही. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणिताने लेन्सची रचना काढली आणि लेन्स बनवणारे फोइग्टलेंडर यांनी ती घडवली. तिचं अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) होतं जवळपास एफ/३.६; हा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त. पूर्वीच्या लेन्सपेक्षा कित्येक पट जास्त प्रकाश आत येऊ लागला आणि जिवंत माणसाचा चेहरा टिपणं आवाक्यात आलं. मात्र या प्रकाशाची किंमत कडांनी मोजली. पेट्झवालच्या लेन्सचं प्रतिमेचं प्रतल सपाट नाही, वाटीसारखं वक्र आहे. त्यामुळे मध्यभाग लख्ख आणि कडा विरघळलेल्या. चेहऱ्याला त्याने काही बिघडलं नाही; बघणाऱ्याची नजर मधेच असते. पोर्ट्रेट लेन्सने जन्मतःच प्रकाश मागितला आणि त्यासाठी कडा सोडून दिल्या.

मॅक्रोची गोष्ट याच्या उलटी. १९५६ मध्ये निकॉनने ५ सेंटीमीटरची एफ/३.५ मायक्रो-निक्कॉर लेन्स आणली, ती मायक्रोफिल्मसाठी. जुने दस्तऐवज छोट्या फिल्मवर उतरवून जपायचे होते आणि जपानी मजकुरात कांजी अक्षरं असतात, एकेका अक्षरात रेघांची दाटी. रोमन लिपीसाठी चालून जाणारी लेन्स तिथे अपुरी पडत होती. पानाच्या कोपऱ्यातल्या अक्षराची बारीकशी रेघसुद्धा मधल्या अक्षराइतकीच स्वच्छ यायला हवी होती. प्रकाश कमी चालेल, कागद कुठे हलतो? पण सपाट पान सपाटच उमटलं पाहिजे, आणि तेही अगदी जवळून.

एक लेन्स हलणाऱ्या माणसासाठी जन्मली, दुसरी न हलणाऱ्या कागदासाठी. पुढे दोघींचीही खूप प्रगती झाली, तरी हा मूळ स्वभाव अजून जाणवतो.

प्रकाशाचं आधी बघू. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले लेन्सच्या समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. ८५ मिमी एफ/१.८ चं छिद्र ४७ मिमीचं, तर १०० मिमी एफ/२.८ चं ३६ मिमीचं. सेन्सरवर किती प्रकाश पडेल ते मात्र एफचा आकडा ठरवतो, आणि १.८ व २.८ मध्ये त्याचा जवळजवळ अडीचपट फरक पडतो. संध्याकाळी घरात धावणाऱ्या मुलाला १/२५० सेकंदात पकडायला पोर्ट्रेट लेन्सवर आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, १६०० लागत असेल, तर मॅक्रोवर ४००० च्या आसपास जावं लागेल.

छिद्राचा हा व्यास आणखी एक गोष्ट सांगतो, आणि मला ती प्रकाशशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. चेहऱ्यावर फोकस असताना मागे खूप दूर एखादा दिवा असेल, तर तो धूसर होऊन गोल चकतीसारखा दिसतो. ती चकती चेहऱ्याच्या मापाने मोजली, तर ती छिद्राएवढीच भरते. ८५ मिमी एफ/१.८ वर ४७ मिमीची, डोळ्याहून बरीच मोठी. १०० मिमी एफ/२.८ वर ३६ मिमीची, डोळ्याहून थोडीशीच मोठी. पार्श्वभूमी किती विरघळेल, याचा अंदाज लेन्स हातात घेऊन त्या छिद्राकडे नुसतं बघूनही येतो.

पण तेवढं उघडं अॅपर्चर चेहऱ्यावर दरवेळी वापरता येतं का? मघाच्याच चौकटीत एफ/१.८ वर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोकसमध्ये दिसणारी खोली, जेमतेम ३ सेंटीमीटर असते. मान जरा वळली की एक डोळा स्वच्छ आणि दुसरा पुसट. एफ/२.८ वर ती ५ सेंटीमीटर होते. शांत बसलेल्या माणसाचे फोटो काढताना मी बहुतेक वेळा एफ/२.८ ते एफ/४ वरच असतो, आणि तिथे मॅक्रो लेन्स काहीही गमावत नाही.

आता जवळ जाऊ. वस्तू लेन्सच्या जसजशी जवळ येते, तसतशी तिची प्रतिमा मागे सरकते, म्हणून लेन्सला पुढे यावं लागतं. किती पुढे, त्याचा नियम सोपा आहे: फोकल लेंग्थ गुणिले वर्धन. वर्धन म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या किती पट, ते. वस्तू आहे त्याच मापात, म्हणजे एकास एक, उमटवायची तर ८५ मिमीच्या साध्या लेन्सला आणखी ८५ मिमी पुढे यावं लागेल. पोर्ट्रेट लेन्समध्ये तेवढी जागा ठेवलेली नसते, आणि तिच्या काचांची गणितंही दूरच्या वस्तूसाठी मांडलेली असतात. म्हणून नेहमीची ८५ मिमी लेन्स ८० ते ८५ सेंटीमीटरच्या आत फोकस होत नाही. तिथे वर्धन साधारण ०.१३. त्यामुळे तिच्या चौकटीत बसणारा लहानात लहान भाग साधारण १८ बाय २७ सेंटीमीटरचा, ए४ कागदापेक्षा जरासा लहान. चेहरा त्यात मावतो, पण नुसता डोळा टिपायचा म्हटलं की लेन्स हात टेकते. अंगठी, परागकण, मुंगी या गोष्टी तर विसरायच्याच. एकास एक मॅक्रोची चौकट याउलट २४ बाय ३६ मिलिमीटरपर्यंत खाली येते, टपालाच्या तिकिटाएवढी.

लांब मॅक्रो घ्यायची ती इथल्यासाठी. १०० मिमीच्या मॅक्रोचं सगळ्यात जवळचं फोकस अंतर बहुधा ३० सेंटीमीटर असतं, पण ते सेन्सरपासून मोजलेलं. त्यातून कॅमेरा आणि लेन्सची लांबी वजा केली, की काचेपासून वस्तूपर्यंत १३-१४ सेंटीमीटर उरतात. ६० मिमीच्या मॅक्रोवर ते दहाच्याही खाली जातात. एवढ्यात लेन्सची सावली फुलावर पडू लागते आणि फुलपाखरू उडून जातं. जाता जाता एक बारकावा: शुद्ध सूत्राप्रमाणे १०० मिमीच्या लेन्सला एकास एकवर वस्तूपासून सेन्सरपर्यंत ४०० मिमी लागायला हवेत. ती ३०० मध्ये भागवते, कारण आतले काचांचे गट सरकतात आणि जवळ जाताना लेन्स आपली फोकल लेंग्थच कमी करते. नावातले १०० मिमी फक्त दूरच्या वस्तूसाठी खरे आहेत.

जवळ जाण्याचा करही भरावा लागतो. एकास एकवर एफ/२.८ चा परिणाम एफ/५.६ एवढाच उरतो. प्रकाश एक चतुर्थांश होतो. डेप्थ ऑफ फील्ड एक तृतीयांश मिलिमीटरवर येते. मुंगीचा एक डोळा फोकसमध्ये आला तर दुसरा येईलच असं नाही. अॅपर्चर एफ/११ पर्यंत बारीक केलं तर सव्वा मिलिमीटर हाती लागतो, पण तोवर विवर्तन आडवं येतं. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि वस्तूवरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर चकती होऊन पडतो. या अवस्थेत त्या चकतीचा व्यास ३० मायक्रॉनच्या जवळ पोचतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो सुमारे ६ मायक्रॉनचा. आणखी बारीक करत गेलात तर खोली वाढते आणि तपशील पुसट होत जातो. म्हणून फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घेऊन ते एकत्र जोडण्याची पद्धत रुळली. हातात कॅमेरा धरून हे काम करताना श्वासासोबत शरीर मागेपुढे होतं, तेवढ्यानेही फोकस निसटतो. पहिले काही दिवस निराशेचे जातात, मग एके दिवशी कोळ्याचे आठही डोळे एका चौकटीत येतात आणि माणूस कायमचा अडकतो.

मॅक्रो लेन्स चेहऱ्यासाठी फार धारदार असते, त्वचेचं प्रत्येक छिद्र दाखवते, असं नेहमी ऐकू येतं. मला हे पटत नाही. त्वचेची छिद्रं दिसतात ती तिरक्या, कडक प्रकाशामुळे. त्यांच्या बारीक सावल्या पडतात म्हणून. खिडकीतला पसरलेला प्रकाश समोरून घेतला, तर त्याच लेन्सने तोच चेहरा मऊ येतो. खरा फरक फोकसबाहेरच्या भागात असतो. बऱ्याच पोर्ट्रेट लेन्समध्ये गोलीय विपथन (काचेच्या मधून आणि कडेने आलेले किरण एकाच बिंदूत न मिळणं) थोडं मुद्दाम शिल्लक ठेवतात. त्याने मागच्या धूसर चकत्यांच्या कडा मऊ होतात आणि एकमेकींत मिसळतात. मॅक्रोत ते काटेकोरपणे काढून टाकलेलं असतं, त्यामुळे मागे फांद्या किंवा गवत असेल तर कधीकधी त्यांच्या रेघा दुहेरी, खरखरीत दिसतात. दुसरा त्रास ऑटोफोकसचा. तिळाएवढ्या वस्तूपासून क्षितिजापर्यंत मॅक्रोला फोकसचा मोठा पल्ला गाठायचा असतो, एकदा चुकली की ती या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत फिरते. बहुतेक मॅक्रो लेन्सवर हा पल्ला मर्यादित करणारं बटण असतं. माणसांचे फोटो काढताना ते लावायला विसरू नका, अर्धी तक्रार तिथेच मिटते.

मधला मार्गही आहे. पोर्ट्रेट लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये २५ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब लावली, तर ८५ मिमीचं वर्धन ०.१३ वरून ०.४२ च्या आसपास जातं. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी. ती लावलेली असेपर्यंत दूरचं काही फोकस होत नाही आणि कडा सुटतात. फुलासाठी ते चालतं, पुष्कळदा छानही दिसतं. तिकीट, नाणं, जुन्या फोटोची प्रत यांसाठी चालत नाही.

निवड करण्याआधी आपल्याजवळच्या फोटोंमधून हुकलेले शोधा, जमलेले नकोत. हाताशी असलेली झूम लेन्स ८५ ते १०० च्या दरम्यान ठेवून महिनाभर वापरा आणि प्रत्येक फसलेला फोटो का फसला ते लिहून ठेवा. अंधारामुळे हलला, की हवं तितकं जवळ जाता आलं नाही? एकच लेन्स घ्यायची असेल तर मी स्वतः ९० ते १०५ मिमीची मॅक्रो घेईन. दिवसाउजेडी ती पोर्ट्रेट लेन्सचं जवळजवळ सगळं काम करते, आणि वर अशा अंतरावर नेते जिथे दुसरी पोचतच नाही. फक्त तुमच्या यादीतले बहुतेक फोटो रात्रीचे, घरातले, नाचणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांचे असतील, तर माझं ऐकू नका. तिथे ते ४७ मिलिमीटरचं छिद्रच लागतं.