किबोर्डवर वाजलेला खोकला

१९८६ साली प्रदर्शित झालेल्या 'फेरिस ब्यूलर्स डे ऑफ' या अमेरिकी विनोदी चित्रपटाची गोष्ट एका वाक्यात संपते: शाळेच्या शेवटच्या वर्षातला एक चलाख मुलगा आजारपणाचे सोंग घेऊन शाळेला दांडी मारतो आणि मित्र-मैत्रिणीला घेऊन दिवसभर शिकागो शहर भटकतो. जॉन ह्यूज यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि मॅथ्यू ब्रॉडरिक यांच्या भूमिकेमुळे गाजलेल्या या चित्रपटात विज्ञानाचा शोध घ्यावा असे वरवर काहीच नाही. परंतु सोंग निभावण्यासाठी फेरिसने जी यंत्रे कामाला लावली आहेत, ती नीट पाहिली तर त्या काळात संगीताच्या तंत्रात काय घडत होते हे दोन-चार प्रसंगांत समजते. टेलिफोनवर कोणी प्रकृतीची चौकशी केली की तो स्वतः खोकत नाही. किबोर्डची पट्टी दाबतो आणि किबोर्ड खोकतो. पुढे तर तो याच खोकल्याच्या आवाजात योहान श्ट्राउस यांच्या 'ब्लू डॅन्यूब' या प्रसिद्ध वॉल्ट्झची चाल वाजवतो.

तो किबोर्ड खराच होता. कॅलिफोर्नियातील इ-म्यू सिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेले 'इम्युलेटर टू' हे यंत्र सॅम्पलर या जातीचे होते, म्हणजे ते स्वतःचा आवाज निर्माण करण्याऐवजी बाहेरचा कोणताही आवाज मुद्रित करून घेई आणि तो पट्ट्यांवर पसरवून देई. त्याआधी १९७९ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या फेअरलाइट या यंत्राने हीच किमया करून दाखवली होती, मात्र त्याची किंमत एखाद्या घराइतकी होती. इम्युलेटर टू त्या मानाने स्वस्त, सुमारे ८,००० डॉलरचा. वडिलांकडे गाडी मागितली तर संगणक मिळाला, अशी कुरकुर करणाऱ्या शाळकरी मुलाच्या खोलीत एवढे महाग वाद्य कसे आले, हा प्रश्न चित्रपटाला विचारायचा नसतो.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. सॅम्पलर हा दाब ठरावीक कालांतराने मोजतो आणि प्रत्येक मोजमाप एका आकड्याच्या रूपात साठवतो. इम्युलेटर टू एका सेकंदात सुमारे २७,७०० वेळा असे मोजमाप करीत असे, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचा खोकला त्याच्या स्मृतीत जवळपास १४,००० आकड्यांची एक लांबलचक रांग होऊन बसे. बेल प्रयोगशाळेत काम केलेल्या हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम असे सांगतो की, एका सेकंदात जितकी मोजमापे घेतली जातात, त्यांच्या निम्म्याहून कमी कंपनसंख्येचे आवाजच त्यातून निर्दोषपणे परत मिळवता येतात. या यंत्रासाठी ती मर्यादा १३,८५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १३,८५० कंपने, इतकी येते. तरुण माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते, म्हणूनच सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापांचे प्रमाण ठरवण्यात आले होते. इम्युलेटरच्या आवाजात वरची झळाळी कमी असे ती यामुळेच.

किती वेळा मोजायचे हा झाला एक प्रश्न. किती बारकाईने मोजायचे हा दुसरा. सोलापुरात हा मुद्दा समजावून सांगणे तसे सोपे आहे. जॅकार्ड मागावर चादरीत मोर विणायचा असेल तर आधी तो चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो, आणि चौकटी मोठ्या असतील तर मानेची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची होते. ध्वनीच्या तरंगाचेही नेमके तसेच होते. ८ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ अंकांच्या, आकड्यात २५६ पायऱ्या मावतात, तर सीडीच्या १६ बिटांत ६५,५३६. मूळ वक्ररेषा आणि पायऱ्यांची रेषा यांच्यातील फरक आपल्याला खरखरीच्या रूपाने ऐकू येतो. मोठ्या आवाजात ती खरखर झाकली जाते, पण खोकल्याचा शेवटचा क्षीण भाग २५६ पैकी जेमतेम तीन-चार पायऱ्यांत बसवावा लागला तर तो ओबडधोबड होणारच.

इम्युलेटरच्या अभियंत्यांनी यावर टेलिफोनच्या तंत्रात आधीपासून रूढ असलेली युक्ती योजली. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या न ठेवता त्यांनी शांततेच्या जवळच्या पायऱ्या बारीक ठेवल्या आणि मोठ्या आवाजाकडच्या पायऱ्या रुंद होऊ दिल्या. मोठ्या आवाजात झालेली मोठी चूक कानाच्या लक्षात येत नाही आणि लहान आवाजातली लहान चूकही खटकत नाही, कारण कान चुकीचा आकार मोजत नसून आवाजाच्या तुलनेत ती किती आहे एवढेच पाहतो. आठच बिटांच्या यंत्रातून त्या काळच्या श्रोत्यांना समाधानकारक वाटावा असा आवाज निघाला तो या तडजोडीमुळे. आणि फेरिसच्या खोकल्याला तर त्याहूनही कमी दर्जा पुरला असता, कारण त्या काळचा टेलिफोन साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचवत असे. यंत्राच्या आवाजातले जे काही दोष त्याच्या बाहेर होते, ते तारेतच गळून पडत होते. समोरासमोर उभे राहून ही फसवणूक इतकी सहज पचली नसती.

आता चालीकडे वळू. एकच खोकला मुद्रित केलेला असताना त्यातून सप्तक कसे निघते? साठवलेले आकडे मूळ वेगाच्या दुप्पट वेगाने वाचले तर प्रत्येक कंपन निम्म्या वेळात उरकते, म्हणून स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. सप्तकात बारा पट्ट्या असतात, तेव्हा प्रत्येक पुढच्या पट्टीला वाचनाचा वेग सुमारे १.०५९५ पटीने वाढवला की झाले. बारा वेळा हा गुणाकार केल्यावर उत्तर दोन येते. मात्र वेग वाढला की कालावधी घटतो. अर्ध्या सेकंदाचा खोकला वरच्या सप्तकात पाव सेकंदाचा होतो आणि खालच्या सप्तकात पूर्ण एक सेकंद रेंगाळतो. ७८ फेऱ्यांची तबकडी चुकून ३३ फेऱ्यांवर लावल्यावर गायकाचे काय होते, हे ज्यांनी घरी ऐकले आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

खोकल्याला मुळात निश्चित असा स्वर नसतो, तरीही त्यातून चाल ओळखू येते, हे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण वाटते. खोकल्याचा पहिला भाग म्हणजे फुफ्फुसातील दाबलेली हवा एकदम सुटल्याचा स्फोट, मधला भाग वाहत्या हवेचा खरखराट, आणि पुष्कळदा शेवटी स्वरतंतू थोडेसे कंप पावून आवाज निघतो. या शेवटच्या भागात अंधुक का होईना, स्वर असतो. उरलेल्या भागात तो नसला तरी घसा आणि तोंड यांच्या पोकळीने काही कंपनसंख्या उठावदार केलेल्या असतात. पट्टी बदलली की हे सारे उठाव एकाच प्रमाणात वर किंवा खाली सरकतात, आणि मेंदू त्या सरकण्यातील अंतरे पकडतो. चाल ही स्वरांच्या परस्पर अंतरांनी बनलेली असल्यामुळे तेवढा धागा तिला पुरतो.

याच ठिकाणी आपण या चित्रपटाच्या सर्वांत गाजलेल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यापाशी येतो. मित्राच्या वडिलांनी जिवापाड जपलेली लाल फेरारी पहिल्यांदा पडद्यावर येते, तेव्हा एक अवाढव्य, घोगरा, आळसावलेला पुरुषी आवाज दोनच शब्द उच्चारतो. शेवटच्या श्रेयनामावलीतही तोच आवाज पुन्हा येतो. 'ओ येह' हे गाणे येलो या स्विस जोडीचे, त्यांच्या १९८५ सालच्या 'स्टेला' या अल्बममधले. बोरिस ब्लँक यांनी जमवलेल्या ध्वनींच्या तुकड्यांतून ताल रचला आणि डीटर मायर यांचा आवाज यंत्राने खाली उतरवला. पुढे महागडी गाडी किंवा अनावर हाव दाखवायची असली की जाहिरातवाले हेच गाणे लावू लागले.

हा आवाज नुसता खर्जातला वाटत नाही, तो मोठ्या देहाचा वाटतो. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची नळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते. एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघड्या अशा नळीत जी कंपने घुमतात, त्यांतले पहिले हवेतील ध्वनीच्या वेगाला नळीच्या चौपट लांबीने भागले की मिळते. येथे ते सुमारे ५०० हर्ट्झ येते, आणि पुढची त्याच्या तिप्पट व पाचपट, म्हणजे सुमारे १,५०० आणि २,५०० हर्ट्झवर पडतात. बोलताना जीभ आणि ओठ या आकड्यांना पुढेमागे ढकलतात आणि त्यातून आ, ई, ऊ असे स्वर घडतात, पण नळीची एकंदर लांबी जिभेला बदलता येत नाही. एखादा गायक खर्जात उतरतो तेव्हा त्याचे स्वरतंतू सावकाश हलतात, घुमणारी नळी मात्र १७ सेंटिमीटरचीच राहते. यंत्राने सगळाच आवाज एक सप्तक खाली नेला की ५०० चे २५० होतात, आणि एवढ्या कंपनसंख्येला घुमणारी नळी ३४ सेंटिमीटर लांब असावी लागते. अशी नळी कोणाही माणसात नसते. कान अर्थातच भागाकार करीत बसत नाही. जन्मापासून लहान मुलांचे, बायकांचे, पुरुषांचे आवाज ऐकून तो आवाजावरून देहाचा अंदाज बांधायला शिकलेला असतो, आणि या गाण्यात त्याला जवळपास दुप्पट उंचीचा पुरुष दिसतो. आवाज वर नेला तर उलट घडते, नळी आखूड होते आणि बोलणारा कार्टूनमधल्या खारीएवढा वाटू लागतो.

सोलापुरातील ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांतले वादक हे सारे रोज हाताळतात, त्यासाठी त्यांना सूत्रांची गरज पडत नाही. किबोर्डमध्ये नवे टोन भरून घेणे, काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर हलगीचा पॅच, म्हणजे साठवलेला आवाज, लावणे ही त्यांची नेहमीची भाषा. हलगीचा एक ठोका मुद्रित करून किबोर्डच्या सगळ्या पट्ट्यांवर पसरवला तर मधल्या पट्टीवर तो हलगीच वाटतो. एक सप्तक खाली गेले की चामडे सैल पडल्यासारखे होऊन ढोलाचा भास होतो, आणि एक सप्तक वर गेले की पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखे वाटते. म्हणून चांगल्या वाद्यांत एकच नमुना सगळीकडे ताणत नाहीत. दर तीन-चार पट्ट्यांसाठी वेगळे मुद्रण घेतात आणि मधल्या मोजक्या स्वरांपुरतेच वेगाचे काम ठेवतात. ८०च्या दशकात हे अवघड होते, कारण इम्युलेटर टूच्या ५१२ किलोबाइट स्मृतीत सगळे मिळून जेमतेम १७ सेकंद मावत.

त्याहून चिवट अडचण निराळीच आहे. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीमच्या पुढे हलगी वाजवणारा माणूस मध्येच थांबून कागद किंवा काटक्या पेटवतो आणि हलगी धगीवर फिरवतो. चामड्यातली ओल उडते, ते ताणले जाते आणि स्वर चढतो. पुढच्या अर्ध्या तासात तो पुन्हा हळूहळू उतरतो. शिवाय कोणतेही दोन ठोके नेमके त्याच जागी, त्याच जोराने पडत नाहीत. पॅडवरचा ठोका मात्र दर वेळी आकडा न् आकडा तोच असतो, आणि जलद लयीत तो सलग वाजला की आठ-दहा ठोक्यांतच कानाला शंका येते. म्हणून आता एकाच पॅडमागे अनेक ठोके साठवून ते आळीपाळीने किंवा हाताच्या जोरानुसार वाजवण्याची सोय असते.

चित्रपटातील फेरिसचे सोंगही याच कारणाने उघडे पडते, आणि तेही सॅम्पलरमुळे नव्हे तर साध्या टेपमुळे. शाळेचा अधिकारी एड रूनी घरी येऊन घंटा वाजवतो, तेव्हा दारावरच्या इंटरकॉममधून आजारी मुलाचा केविलवाणा आवाज त्याला उत्तर देतो. तो पुन्हा घंटा वाजवतो आणि उत्तर पुन्हा तेच, त्याच विरामांसह. आवाजाचा दर्जा उत्तम असूनही फसवणूक टिकत नाही. टेलिफोनवर मात्र खोकला कधी, कोणत्या पट्टीवर, किती वेळा द्यायचा हे फेरिसचे बोट ठरवीत होते, म्हणून तिथे तो पकडला गेला नाही.

स्वर, कालावधी आणि नळीची लांबी यांची गाठ सोडवण्याचे प्रयत्न या चित्रपटाच्याही आधीपासून चालू होते. बेल प्रयोगशाळेतील जेम्स फ्लॅनगन आणि रॉजर गोल्डन यांनी १९६६ साली मांडलेल्या फेज व्होकोडर या पद्धतीत आवाजाचे बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील कंपने वेगवेगळी ओळखली जातात, त्यामुळे स्वर न बदलता तो लांबवता येतो किंवा लांबी न बदलता स्वर सरकवता येतो. एवढे करूनही घुमण्याच्या जागा स्वराबरोबर सरकतातच. त्या जागच्या जागी ठेवायच्या तर वेगळी आकडेमोड करावी लागते, आणि आजची ध्वनिसंपादनाची सॉफ्टवेअरे ती मागितल्यास करून देतात. त्या सोयीने मायर यांचा आवाज एक सप्तक खाली नेला तर एक बरा खर्जातला गायक ऐकू येईल, पण फेरारीकडे पाहून जिभल्या चाटणारा तो राक्षस नाहीसा होईल. ज्यांना फेरिसचा प्रयोग करून पाहायचा आहे त्यांनी ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आपला खोकला मुद्रित करून केवळ स्वर बदलणारी आज्ञा टाळावी, वेग आणि स्वर एकत्र बदलणारी आज्ञा निवडावी, आणि १.०५९५ चा गुणक एकेक पायरीने लावत जावे.