'वेडलॉक'मध्ये कुलूप नाही

लग्नाला जुन्या इंग्रजीत 'वेडलॉक' म्हणतात, कारण लग्न म्हणजे आयुष्यभराचं कुलूप, असं सांगणारे मेसेज अधूनमधून फिरत असतात. ही समजूत आजकालची नाही. 'वेडलॉक म्हणजे पॅडलॉक' अशी म्हणच इंग्रजीत शेकडो वर्षं चालत आली आहे. पण ती चूक आहे.

मूळ शब्द 'वेडलाक', अँग्लो-सॅक्सन काळातला, म्हणजे इंग्रजीच्या अगदी सुरुवातीच्या काळातला. 'वेड' म्हणजे वचन, तारण. 'लाक' हा नुसता प्रत्यय, एखादी कृती दाखवणारा. तेव्हा असे बरेच शब्द होते: 'फेओह्तलाक' म्हणजे लढाई, 'रेआफलाक' म्हणजे लूट. म्हणजे वेडलाक झालं वचन देणं. पुढे त्याचा अर्थ वैवाहिक स्थिती असा स्थिरावला.

कुलपासाठीचा जुना शब्द 'लोक' होता. त्यातला स्वर ऱ्हस्व आणि वेगळा, 'लाक'मधला 'आ' दीर्घ. हा दीर्घ 'आ' पुढे 'ओ'कडे झुकला. 'स्तान'चं 'स्टोन' झालं ते असंच. दरम्यान हा प्रत्यय असलेले बाकीचे शब्द वापरातून गेले, एकटा वेडलॉक उरला. मग लोकांना त्यात ओळखीचं कुलूप दिसू लागलं, यात नवल नाही.

आणि मला सगळ्यात आवडतं ते हे: आपण साखरपुड्याला सर्रास 'एंगेजमेंट' म्हणतो, त्यातला 'गेज' हाही 'वेड'चाच भाऊबंद, फ्रेंचमधून फिरून आलेला. त्याचाही अर्थ तारण. जर्मनमध्ये त्याच कुळातला 'वेटन' आहे, पैज लावणे.