उलट्या रोलरकोस्टरमध्ये माणूस पट्ट्यामुळेच पडत नाही?

‘पट्टा सुटला की माणूस खाली’ हा फॉरवर्ड जुनाच. असं वाटणं साहजिक आहे, पण उभ्या रिंगणात धरून ठेवतो तो वेग. (हळू उलटणाऱ्या राइडमध्ये मात्र पट्टा हवाच.)

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ ते १९०२ एवढंच चाललेल्या सी लायन पार्कमधल्या ‘फ्लिप फ्लॅप’ या रिंगणवाल्या रोलरकोस्टरची अडचण नेमकी उलट होती: माना आखडायच्या. रिंगण अगदी गोल. माथ्यावर जेमतेम टिकेल एवढा वेग ठेवला तरी तळाशी वजन सहापट भासतं, तेही एका झटक्यात. म्हणून आजची रिंगणं थेंबाच्या आकाराची.

पडताळा घ्यायचाय? पाइपवर चढवतात ती फोमची नळी उभी चिरा, रिंगण करा. रिंगणाच्या तळापासून त्रिज्येच्या साडेतीनपट उंचीवरून सोडलेली गोटी सहसा पार होते. दुपटीवरून सोडलेली माथ्याआधीच सुटते.