रेडिएटर पंख्यातील विद्युतदोषांचे निदान

मोटारगाडीच्या रेडिएटरचा विजेचा पंखा फिरत नाही, उशिरा फिरतो किंवा थांबतच नाही, तेव्हा दोष पंख्याच्या मोटारीत आहे की तिच्यापर्यंत येणाऱ्या विजेच्या वाटेत, हे शोधून काढण्याची पद्धत. ग्वाल्हेरला ती माहीत असणे फार गरजेचे आहे. मे-जूनमध्ये इथे पारा 45 अंशांपुढे जातो, शहरातल्या लष्कर भागातल्या अरुंद बाजारांत गाड्या एसी लावून मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि समोरून वारा नसलेल्या रेडिएटरला तेव्हा पंख्याशिवाय कोणाचा आधार नसतो. 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या इथल्या मेळ्यात आज पुष्कळ गाड्या विकल्या जातात. मेळा भरतो थंडीत, पंख्याची खरी परीक्षा होते उन्हाळ्यात.

पहिला प्रश्न गाडी कुठे तापते, हा. आग्र्याच्या हमरस्त्यावर तापमानाचा काटा जागेवर राहतो आणि शहरातल्या पडाव भागाच्या कोंडीत वर चढतो, तर संशय पंख्यावर. उलट हमरस्त्यावर तापणारी गाडी कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), पंप, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) किंवा चोंदलेल्या रेडिएटरची तक्रार सांगत असते. तिथे वायरी तपासण्यात वेळ घालवू नये.

पंख्याला दोन वाटांनी वीज लागते. जाड वाट बॅटरीपासून फ्यूजमधून (बहुधा 30 किंवा 40 अँपिअर), रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) संपर्कबिंदूंतून मोटारीकडे आणि तिथून बॉडीच्या अर्थिंगला जाते. बारीक वाट हुकूम पोहोचवते : कूलंटचा सेन्सर तापमान सांगतो, इसीयू (इंजिनाचा संगणक) साधारण 95 ते 100 अंशांच्या सुमारास रिलेच्या कॉइलला वीज देतो. जुन्या गाड्यांत सेन्सर आणि इसीयूच्या जागी रेडिएटरलाच बसवलेला थर्मोस्विच, म्हणजे तापमानाने चालू-बंद होणारा स्विच, असे. त्याच्या दोन वायरी जोडल्या आणि पंखा फिरला, की स्विच गेला हे तिथेच कळे.

अर्धे निदान बोटाने होते. इंजिन चालू ठेवून रिलेवर बोट टेकवायचे आणि दुसऱ्याला एसीचे बटण दाबायला सांगायचे. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखाही सुरू होतो. बोटाखाली बारीकसे ‘टक्’ जाणवले आणि पंखा निश्चल राहिला, तर हुकूम पोहोचला आहे, दोष जाड वाटेत किंवा मोटारीत आहे. टक् झालेच नाही, तर रिलेची कॉइल, सेन्सर, इसीयू आणि त्यांच्यामधल्या वायरी पाहाव्यात. हात मात्र पात्यांपासून दूर ठेवावा : काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर मुळीच उघडू नये.

सगळ्यात जास्त फसवणूक मल्टिमीटरच्या अर्धवट वापराने होते. पंख्याचा सॉकेट काढून मीटर लावला, 12 व्होल्ट दिसले, म्हणजे वीज येते आहे, मोटार बदला, असा निर्णय घाईने दिला जातो. पण मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही. दहा तारांपैकी नऊ तुटलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. तपासणी ओझ्याखालीच, म्हणजे प्रवाह वाहत असतानाच, करावी : सॉकेटला 55 वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडावा, तो मंद पेटला तर वाटेत अडथळा आहे. त्याहून खात्रीची रीत म्हणजे पंखा जोडलेला ठेवून, त्याला वीज दिलेली असताना बॅटरीच्या धन टोकापासून पंख्याच्या धन पिनेपर्यंतची घट मोजणे. ती अर्ध्या व्होल्टच्या आत हवी. अर्थिंगच्या बाजूची 0.2 व्होल्टच्या आसपास. 12 अँपिअर ओढणारा पंखा वाटेत 3.6 व्होल्ट गमावत असेल, तर सुमारे 43 वॅट उष्णता, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नइतकी, त्या एका सांध्यात साठते. फ्यूजची खोबण तपकिरी पडते, सॉकेटचे प्लॅस्टिक वितळते, ते याच कारणाने. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून भागत नाही, टर्मिनलच नवे घालावे लागते. अर्थिंगचा बोल्टही खोलून, बॉडीला लागलेला गंज घासून पुन्हा कसावा.

मोटार निराळी तपासायची तर तिला बॅटरीतून, मध्ये फ्यूज घालून, थेट वीज द्यावी. हलका ठोका मारल्यावर फिरली तर कार्बन ब्रश झिजले आहेत. फ्यूज लावताच उडत असेल तर शॉर्ट किंवा पाते अडकलेले. काही मिनिटांनी उडत असेल तर बेअरिंग जड झालेले. दोन वेगांच्या पंख्यात फक्त मोठा वेगच चालत असेल, तर लहान वेगासाठी प्रवाह कमी करणारा रेझिस्टर जळालेला असतो. न थांबणाऱ्या पंख्याचा रिले उपटून पाहावा : पंखा थांबला तर रिलेचे बिंदू चिकटले असतील. मात्र सेन्सरची वायर तुटली तरीही अनेक गाड्यांत इसीयू खबरदारी म्हणून पंखा सतत चालवतो, म्हणून रिले बदलण्याआधी स्कॅनरवर (इसीयूतली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) तापमान पाहावे. उणे 40 अंश दिसले, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा.

दोष सापडला नाही की पंखा ‘डायरेक्ट’ करून देण्याची रीत आहे : इग्निशनवरून वायर ओढायची, पंखा सतत फिरत राहतो. ऐन उन्हात घर गाठायला हे ठीक, पण कायमचा उपाय म्हणून ते घातक आहे. फ्यूजशिवाय ओढलेली वायर आग लावू शकते, एवढा प्रवाह इग्निशन स्विचला पेलत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

मोटार बदलल्यावरची एक चूक हमखास नजरेतून सुटते. दोन वायरी उलट जोडल्या गेल्या तरी साधी मोटार फिरतेच, फक्त उलट्या दिशेने. पंखा दिसायला जोरात चालतो आणि गाडी कोंडीत पूर्वीसारखीच तापते. पंखा रेडिएटरच्या मागे असेल, तर उभ्या गाडीच्या जाळीसमोर वर्तमानपत्राचा कागद धरावा. तो जाळीला चिकटला पाहिजे. बाहेर उडाला, तर वायरींची अदलाबदल करावी.