फर्मान निजामाचे, अंमल चौधरींचा

१९४८ मध्ये भारताने निजामाचे हैदराबाद संस्थान घेतले आणि ते चालवायचे कसे, हा प्रश्न आला. जिंकलेला मुलूख चालवायचा कसा, याच्या दोन तऱ्हा दुसऱ्या महायुद्धानंतर दिसल्या. जर्मनीत सरकारच उरले नव्हते; चार देशांच्या फौजांनी चार विभाग वाटून घेतले आणि कारभार थेट हाती घेतला. जपानमध्ये अमेरिकन सेनापती मॅकआर्थरने सम्राटाला गादीवर राहू दिले व जुन्याच मंत्रालयांकडून आपले हुकूम राबवून घेतले. हैदराबाद दिल्लीच्या लेखी परके राष्ट्र नव्हते, म्हणून तर कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हटले. तऱ्हा मात्र जपानची.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गमार्गे फौज आत शिरली. १७ ला निजामाने हत्यार खाली ठेवले, १८ पासून मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर. निजामाला ठेवण्यात व्यवहार होता: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत त्याच्या सरकारची भारताविरुद्धची तक्रार पडून होती, ती मागे घ्यायला तोच लागणार. चौधरींचे कायदेही त्याच्या फर्मानाने मिळालेल्या अधिकारात निघत.

अडले ते तालुक्याच्या कचेरीत. दफ्तर उर्दूत, साल फसली (महसुली सन), हिशेब निजामाच्या हाली शिक्क्यात, म्हणजे चलनात. १०० कलदार (भारताच्या) रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहाला सात. जुने अनेक अधिकारी बडतर्फ झाले किंवा निघून गेले. मुंबई, मध्य प्रांत, मद्रासहून माणसे आणली. या बाहेरच्यांवरूनच १९५२ मध्ये, निवडून आलेले सरकार असताना, मुल्की (स्थानिकांनाच नोकऱ्या द्या, असे) आंदोलन पेटले. कचेऱ्यांतले तेच उर्दू दफ्तर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. शिंदे समितीने मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी चाळले.

जुनी यंत्रणा कोसळली आणि नवी बसली नव्हती, त्या आठवड्यांत निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांचा सूड मुसलमान वस्त्यांवर उगवला गेला. चौकशीसाठी केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे. अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला. मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत तो आजही क्वचितच येतो.

जमिनीचे काम मात्र झपाट्याने झाले. १९४९ च्या सुरुवातीला निजामाची खासगी सर्फ-ए-खास मिळकत सरकारजमा, ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द, जहागीरदारांना हप्त्याने मोबदला. निवडलेल्या विधिमंडळाला ही घाई परवडली नसती. कूळ कायदा १९५० मध्ये आला, पण त्यात फट राहिली: संरक्षित कूळ जमीन आपखुशीने सोडू शके. मालकांनी तहसीलपुढे 'खुशीचे राजीनामे' लिहून घेतले आणि पेरणारा पुन्हा सालगडी झाला.