मुंबई इंग्रजांनी ‘वसवली’? खापरं वेगळंच सांगतात

‘इंग्रज येण्याआधी मुंबईत होतं काय? सात बेटं, चार कोळीवाडे आणि चिखल!’ लोकलमधल्या गप्पांपासून व्हॉट्सॲपपर्यंत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

गेटवेवरून लाँचने तासाभराच्या अंतरावर घारापुरी. लेणी बघून आपण परततो, पण याच बेटाच्या किनाऱ्यावर अँफोरांची खापरं सापडली आहेत. अँफोरा म्हणजे दोन कानांचा मातीचा रांजण. रोमन काळात भूमध्य समुद्राकडची द्राक्षाची दारू, ऑलिव्हचं तेल यातूनच यायचं. बूड निमुळतं, कारण तो घरात मांडायला नव्हे, गलबताच्या तळाशी दाटीने रचायला घडवलेला.

आता खापराची आतली बाजू बघा. तिथे डांबराचा काळा थर असेल आणि भांड्याला कान नसतील, तर ते रोमन नाही. तो इराणी आखाताकडचा ‘टॉर्पेडो’ रांजण. पूर्वी अशी कितीतरी खापरं सरसकट रोमन म्हणून नोंदली गेली. म्हणून ‘इथे रोमन लोक राहायचे’ हेही कुणी पसरवू नये. रांजण आला म्हणजे माणूस वस्तीला आला असं होत नाही. माल उतरवून घेणारे, विकत घेणारे इथलेच होते.

उत्तरेला नालासोपारा, जुनं शूर्पारक. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत सोपारा आणि कल्याण दोन्ही आहेत. आणि इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने मुंबई मिळाली ती थेट १६६८ साली.